पेशींची सकाळ किती वाजता झाली? शैवालाच्या प्रकाशग्राही जनुकांच्या मोजमापाचे एक प्रकरण

परभणीतील एका महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात मी शिकवते. माझ्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीने क्लॅमिडोमोनास राइनहार्टी या एकपेशीय हिरव्या शैवालावर केलेल्या प्रयोगाचे हे प्रकरण आहे. मंद उजेडात वाढलेल्या पेशी अचानक प्रखर उजेडात नेल्या, तर प्रकाश गोळा करणाऱ्या प्रथिनांची जनुके पहिल्या चार तासांत कमी बोलतात की जास्त, एवढाच तिचा प्रश्न होता. फेब्रुवारीतल्या पहिल्या फेरीत जनुकांचा संदेश, म्हणजे त्यांच्यापासून बनणारा आरएनए, स्पष्टपणे घटलेला दिसला. एप्रिलमधल्या दुसऱ्या फेरीत मात्र तो थोडा वाढलेला दिसला. पेशींचा वाण, माध्यम, दिवे आणि काम करणारे हात, सगळे तेच होते. प्रबंधाचे प्रकरण लिहायला घेतलेल्या मुलीच्या हाती दोन विरुद्ध आलेख असावेत आणि दोन्ही नीट केलेल्या कामातून आलेले असावेत, ही परिस्थिती तिच्याइतकीच मलाही अस्वस्थ करणारी होती.

प्रकरण समजण्यासाठी ही प्रथिने काय करतात हे आधी पाहावे लागेल. हिरव्या शैवालाच्या हरितलवकात प्रकाशाचे रासायनिक ऊर्जेत रूपांतर करणारी केंद्रे मोजकी असतात; ती पहिली आणि दुसरी अशा दोन प्रकाशप्रणालींत असतात. त्यांच्याभोवती हरितद्रव्य आणि कॅरोटिनॉइड धरून ठेवणाऱ्या प्रथिनांचा मोठा घेर असतो आणि त्यालाच अँटेना म्हणतात. या घेरातील प्रमुख प्रथिनाची रचना २००४ साली पालकाच्या पानातून काढलेल्या स्फटिकांवरून फार बारकाईने उलगडली गेली. पटलातून आरपार जाणाऱ्या तीन सर्पिलांच्या आधाराने एकेका प्रथिनात हरितद्रव्याचे १४ रेणू बसवलेले असतात, त्यांपैकी ८ ‘अ’ प्रकारचे आणि ६ ‘ब’ प्रकारचे. केंद्राजवळच्या गाभ्यातील प्रथिनांत ‘ब’ प्रकार नसतोच. म्हणून ‘अ’ आणि ‘ब’ यांचे गुणोत्तर वाढले की बाहेरचा घेर आकसला, असा अंदाज साध्या वर्णपटमापकावरही बांधता येतो.

गाभ्यातील महत्त्वाच्या प्रथिनांची जनुके हरितलवकाच्या स्वतःच्या जनुकसंचात असतात, तर अँटेनाची जनुके पेशीच्या केंद्रकात असतात. केंद्रकातून संदेश निघतो, प्रथिन बाहेर पेशीद्रवात तयार होते आणि मग ते हरितलवकात पोहोचवले जाते. क्लॅमिडोमोनासच्या केंद्रकीय जनुकसंचाचा आराखडा २००७ साली प्रसिद्ध झाला. या कुळातील जनुकांची गणना त्यामुळे पक्की झाली: मुख्य अँटेनाची, म्हणजे एलएचसीबीएम गटाची ९, दुसऱ्या प्रकाशप्रणालीच्या किरकोळ प्रथिनांची २, पहिल्या प्रकाशप्रणालीची ९ आणि एलएचसीएसआर गटाची ३. एलएचसीएसआर गटाचे काम इतरांच्या उलट आहे. जास्तीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून देऊन ही प्रथिने यंत्रणेचे रक्षण करतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, एलएचसीएसआर-३ नसलेल्या वाणाला प्रखर उजेडात असे रक्षण जवळपास जमत नाही, हे दाखवले गेले. उच्चवर्गीय वनस्पतींमध्ये हे काम पीएसबीएस या प्रथिनाकडे असते आणि ते पानात कायम तयार असते. क्लॅमिडोमोनासमध्ये एलएचसीएसआर-३ प्रखर उजेड लागल्यावर काही तासांत तयार होते. म्हणूनच पहिले चार तास हा काळ आम्ही निवडला होता.

माध्यमाबाबत एकच सांगते. या शैवालाला सहसा एसिटेट असलेल्या माध्यमात वाढवतात, कारण त्यात ते झपाट्याने वाढते. पण एसिटेट असताना एलएचसीएसआर-३ नीट वर येत नाही. म्हणून आम्ही एसिटेट नसलेले माध्यम वापरले. त्यात नायट्रोजन अमोनियमच्या रूपात दिला, कारण आमच्याकडच्या वाणाला नायट्रेट वापरता येत नाही.

पेशी ४० ते ५० मायक्रोमोल फोटॉन, दर चौरस मीटरला, दर सेकंदाला, एवढ्या मंद उजेडात वाढत होत्या. दिवे सकाळी ६ ला लागून संध्याकाळी ६ ला विझावेत असा टायमर लावलेला होता. मराठवाड्यातील भर दुपारच्या उन्हाचा आकडा याच मापात २००० च्या आसपास जातो. प्रयोगातील प्रखर उजेड मात्र ५०० एवढाच ठेवला होता. दिव्यांनी फ्लास्क तापू नयेत म्हणून ते काचेच्या ट्रेमधल्या पाण्यात उभे केले होते. विद्यार्थिनी जिंतूर तालुक्यातून एसटीने येते. सकाळी ११ ला खोली उघडायची, पहिला नमुना घ्यायचा, फ्लास्क प्रखर उजेडात ठेवायचे आणि दुपारी ३ ला दुसरा नमुना घ्यायचा, असा तिचा क्रम होता. नमुन्यातील आरएनएपासून डीएनए प्रत बनवून ती दुसऱ्या शहरातील एका प्रयोगशाळेत बर्फाच्या थर्माकोल खोक्यातून न्यावी लागे, कारण एखाद्या जनुकाच्या प्रती किती आहेत हे मोजणारे क्यूपीसीआरचे यंत्र आमच्याकडे नाही.

दोन फेऱ्यांचे आकडे जुळले नाहीत तेव्हा माझा पहिला संशय प्रायमरवर, म्हणजे कोणते जनुक मोजले जाणार ते ठरवणाऱ्या डीएनएच्या लहान तुकड्यांच्या जोडीवर गेला. विद्यार्थिनीला एलएचसीबीएम-६ हे एकच जनुक मोजायचे होते. त्यामागे चांगले कारण होते. एनएबी-१ नावाचे प्रथिन पेशीद्रवात या जनुकाच्या संदेशाला धरून ठेवते आणि त्याचे भाषांतर, म्हणजे त्यावरून प्रथिन बनणे, रोखते, हे जर्मनीतील बिलेफेल्ड येथील गटाने २००५ साली दाखवले होते आणि तिच्या पुढच्या कामाचा धागा तोच होता. तिने प्रायमर जनुकाच्या सांकेतिक भागातून निवडले होते. मेल्ट कर्व्हवर, म्हणजे डीएनएचा तुकडा कोणत्या तापमानाला वितळतो ते दाखवणाऱ्या आलेखावर, एकच सुबक शिखर येत होते, जेलवरही एकच पट्टी दिसत होती. एरवी एवढी तपासणी पुरेशी समजली जाते. मीही तेव्हा तेवढीच पाहून संमती दिली होती.

मग आम्ही पीसीआरमधून निघालेला तुकडाच सिक्वेन्सिंगसाठी, म्हणजे त्याची डीएनए-अक्षरे क्रमाने वाचण्यासाठी, पाठवला. आलेल्या आलेखाची छापील प्रत टेबलावर पसरून आम्ही दोघी पट्टी लावून एकेक अक्षर वाचत गेलो. बहुतेक जागी एकच शिखर होते. सत्तराव्या अक्षराच्या पुढे एके ठिकाणी निळ्या शिखराच्या पोटात काळे शिखर दिसले. निळे सायटोसिनचे, काळे ग्वानिनचे. थोडे पुढे पुन्हा तेच. “मॅडम, इथे दोन अक्षरे एकावर एक बसलीत,” असे ती म्हणाली आणि पेन्सिलीने गोल करत गेली. यंत्राच्या खरखरीने असे होत नाही. तशी खरखर सगळीकडे पसरलेली असते. इथे फक्त ठराविक जागा दुहेरी होत्या. नऊ जनुकांचे अनुक्रम एकाखाली एक मांडून पाहिल्यावर त्या जागा नेमक्या त्याच निघाल्या, जिथे एलएचसीबीएम-६ आणि त्याची सख्खी भावंडे एकमेकांपासून वेगळी होतात.

हे असे का होते, हे मला या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखे वाटते. एलएचसीबीएमची नऊ जनुके चार प्रकारांत विभागली जातात: पहिल्या प्रकारात ३, ४, ६, ८ आणि ९ क्रमांकाची, दुसऱ्यात ५, तिसऱ्यात २ आणि ७, चौथ्यात १. तिसऱ्या प्रकारातील दोन जनुकांपासून बनणारी तयार प्रथिने तर एकसारखीच असतात. जनुकाची प्रत निर्माण होऊन दोन्ही प्रती टिकल्या, की काळ जाईल तसे त्यांच्यात फरक पडत जातात. प्रथिन बदलू न देणारे फरक, म्हणजे प्रथिनाचा एकेक घटक ठरवणाऱ्या त्रिकुटाच्या तिसऱ्या अक्षरातले, सहसा सर्वांत आधी साठतात आणि प्रायमर बनवणाऱ्याला तेच उपयोगी पडतात. क्लॅमिडोमोनासमध्ये मात्र ही सोय फार अपुरी आहे. त्याच्या केंद्रकीय डीएनएत ग्वानिन आणि सायटोसिन मिळून सुमारे ६४ टक्के असतात आणि सांकेतिक भागात तिसऱ्या जागी तर या दोन अक्षरांचाच ओढा असतो. भरपूर काम करणाऱ्या जनुकांत तो अधिकच दिसतो. त्यामुळे जिथे भावंडांना वेगळे होण्याची मुभा होती, तिथेही ती पुष्कळदा एकच अक्षर निवडतात. जिथे फरक पडतो तिथेही तो बहुधा सायटोसिनच्या जागी ग्वानिन असा असतो आणि अशा अदलाबदलीने तुकड्याचे वितळण्याचे तापमान जवळजवळ बदलत नाही. मेल्ट कर्व्हवरचे आमचे एकच शिखर हे अनेक भावंडांचे मिळून बनलेले शिखर होते. म्हणजे ‘एलएचसीबीएम-६’ असे नाव दिलेला आमचा स्तंभ प्रत्यक्षात पहिल्या प्रकारातील अनेक जनुकांची बेरीज होता.

अशी बेरीज मोजणे हा दरवेळी दोषच असतो, असे मला वाटत नाही. एलएचसीएसआर-३ ची ३.१ आणि ३.२ ही दोन जनुके आठव्या गुणसूत्रावर शेजारी आहेत आणि दोघांचे प्रथिन एकच आहे. त्यांची बेरीज मोजून तिला ‘एलएचसीएसआर-३’ म्हटले, तर पेशीच्या दृष्टीने ते सयुक्तिकच आहे. एलएचसीबीएमबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. १ क्रमांकाचे जनुक निकामी झालेल्या वाणात उष्णतेच्या रूपाने ऊर्जा सोडण्याची क्षमता घटते. ५ क्रमांकाचे प्रथिन एका प्रकाशप्रणालीकडून दुसरीकडे सरकणाऱ्या प्रथिनांमध्ये सापडले आहे. ९ क्रमांकाचे जनुक गंधक किंवा नायट्रोजन तुटल्यावर वर येते. भावंडांची कामे वेगळी असतील, तर त्यांची बेरीज एकाच्या नावावर टाकणे म्हणजे चुकीचा निष्कर्ष लिहिणे होय. मार्गदर्शक म्हणून ही चूक मी पहिल्याच दिवशी अडवायला हवी होती.

नवे प्रायमर आम्ही जनुकाच्या शेवटी, प्रथिनाचा संकेत संपल्यानंतरच्या भागातून निवडले. तिथे भावंडांचे अनुक्रम चांगलेच वेगळे असतात. प्रत्येक जोडीचा तुकडा सिक्वेन्सिंगने तपासून दुहेरी शिखर नाही याची खात्री केली. मग फेब्रुवारी आणि एप्रिलच्या फ्रीझरमधील जुन्याच डीएनए प्रती नव्या प्रायमरने पुन्हा मोजल्या. तुलनेच्या संदर्भासाठी सीबीएलपी हे फारसे न बदलणारे नेहमीचे जनुक होतेच. आता गाठ सुटणार, असे आम्ही दोघीही धरून चाललो होतो. ती सुटली नाही. फेब्रुवारीत एलएचसीबीएम-६ घटलेलेच दिसले आणि एप्रिलमध्ये वाढलेलेच. एक खरा दोष सापडला होता, पण विसंगतीचे कारण तो नव्हता.

या टप्प्यावर आम्ही भरकटलो ते एलएचसीएसआर-३ मुळे. दोन्ही फेऱ्यांत ते प्रखर उजेडात अनेक पटींनी वर आले होते आणि दोन्ही वेळचे आकडे एकमेकांशी जुळत होते. ते जुळतात म्हणजे उजेड, नमुने आणि आरएनए यांत काही बिघाड नाही, असे मी तिला सांगितले. ते चुकीचे होते. फार मोठा बदल दाखवणारे जनुक मांडणीतले लहानसहान दोष झाकून टाकते. मांडणीची परीक्षा घ्यायची, तर थोडेच हलणारे जनुकच घ्यावे लागते.

एप्रिलच्या शेवटी रात्रपाळीचे पहारेकरी काका सकाळी घरी जाण्याआधी माझ्याकडे आले. “मॅडम, तुमच्या त्या हिरव्या बाटल्यांच्या खोलीत रात्री साडेदहापर्यंत लाइट चालू राहतेत. झरोक्यातून दिसतंय. बंद करत जाऊ का?” मी त्यांना म्हटले, “नको काका, पण बरं झालं सांगितलंत.” दिवे संध्याकाळी ६ ला विझायला हवे होते.

दुपारी ठीक १२ ला आम्ही खोलीत जाऊन टायमर पाहिला. प्लगमध्ये बसवायचा, काट्याच्या जागी फिरती चकती असलेला आणि कडेला बारीक खिट्ट्या असलेला तो साधा टायमर आहे. भिंतीवरचे घड्याळ १२ दाखवत होते आणि टायमरची चकती सकाळचे ७ वाजून २० मिनिटे. ही चकती विजेवर फिरते. वीज गेली की ती थांबते आणि वीज आली की थांबल्या जागेवरून पुढे चालू लागते. आमच्या भागात उन्हाळ्यात वीज वरचेवर जाते, ही बाब नवीन नाही; पण गेलेला प्रत्येक तास पेशींची सकाळ एका तासाने पुढे ढकलत होता, हे आमच्या लक्षातच आले नव्हते. ६ ला लागणारे दिवे आता १० वाजून ४० मिनिटांनी लागत होते. खोली ११ ला उघडली जात असल्याने विद्यार्थिनीला दिवे नेहमी लागलेलेच दिसत.

याने काय बिघडते ते सांगते. अँटेनाच्या जनुकांचा संदेश दिवसभर सारखा नसतो. उजेड आणि अंधार आळीपाळीने मिळणाऱ्या पेशींत तो दिवसाच्या पूर्वार्धात चढतो आणि उत्तरार्धात उतरू लागतो. पेशीच्या अंतर्गत घड्याळाचाही त्यात हात असतो. फेब्रुवारीची फेरी टायमर नुकताच लावलेला असताना झाली होती. तेव्हा ११ चा नमुना दिवे लागल्यानंतर ५ तासांचा होता आणि ३ चा नमुना ९ तासांचा. म्हणजे त्या चार तासांत संदेश आपसूकच उतरत होता आणि प्रखर उजेडाने होणारी घट त्यात मिसळली होती. एप्रिलमध्ये तेच दोन नमुने पेशींच्या भल्या सकाळचे आणि दुपारचे ठरले. त्या काळात संदेश आपसूक चढतो आणि त्या चढाने प्रखर उजेडाची घट पोटात घेतली.

एप्रिलच्या फेरीच्या दिवशी चकती नेमकी किती मागे होती, हे ठरवणे गरजेचे होते. महाविद्यालयाच्या जनरेटरला लागणाऱ्या डिझेलच्या हिशेबासाठी कार्यालयात एक वही ठेवलेली असते; जनरेटर सुरू केल्याची आणि बंद केल्याची वेळ त्यात रोज लिहिली जाते. जनरेटरची वीज आमच्या खोलीत येत नाही, पण वीज कधी नव्हती हे त्या वहीतून कळते. टायमर लावल्यापासून फेरीच्या दिवसापर्यंतची बेरीज साडेतीन तासांहून थोडी जास्त भरली. कार्यालय बंद असतानाचे खंड त्यात नव्हते, म्हणजे चकती किमान तेवढी मागे असणार. उलट महिनाअखेरीस ती ४ तास ४० मिनिटे मागे होती, त्याहून जास्त त्या दिवशी असणे शक्य नाही. तेव्हा फेरीच्या दिवशी दिवे साडेनऊ ते १० वाजून ४० मिनिटे या दरम्यान लागले असणार आणि ११ चा नमुना दिवे लागल्यावर फार तर दीड तासाने घेतला गेला असणार.

मूळ आराखड्यातील उणीव याहून जुनी आहे आणि तिची जबाबदारी माझी आहे. ३ वाजता प्रखर उजेडातील फ्लास्कसोबत मंद उजेडातच राहिलेल्या फ्लास्कचाही नमुना घेतला असता, तर टायमर कितीही भरकटला तरी दोन्ही नमुने पेशींच्या एकाच प्रहरातले राहिले असते. क्यूपीसीआरचा प्रत्येक नमुना पैसे खातो, म्हणून तो वाचवायला मीच सांगितले होते. वाचलेल्या चार नमुन्यांपायी दोन महिने गेले.

जूनमध्ये बॅटरीवर वेळ राखणारा टायमर आणून तिसरी फेरी केली. त्यात आधी प्रखर उजेड नाहीच. केवळ मंद उजेडातले फ्लास्क, दिवे लागल्यावर १ तासाने आणि ५ तासांनी नमुने. कोणताही ताण नसताना एलएचसीबीएम-६ चा संदेश या चार तासांत चढला. हा चढ कागदावर पाहिल्यावर विद्यार्थिनी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एप्रिलचा आलेख काढून शेजारी ठेवला. त्यानंतर मंद आणि प्रखर उजेडाचे फ्लास्क जोडीने चालवले, दिवे लागल्यावर ३ तासांनी सुरुवात करून ७ तासांनी दोन्हींचे नमुने घेतले. एकाच प्रहरातील तुलनेत प्रखर उजेडाने एलएचसीबीएम-६ घटले. पुन्हा केले, पुन्हा घटले.

हरितद्रव्याचे गुणोत्तरही आम्ही पाहिले. पेशी ८० टक्के एसिटोनमध्ये ढवळून, गाळ खाली बसवून, वरच्या हिरव्या द्रावाचे शोषण ६४६.६ आणि ६६३.६ नॅनोमीटरवर मोजायचे, ही प्रचलित पद्धत. आमचा मापक दशांश दाखवत नाही, त्यामुळे ६४७ आणि ६६४ वर भागवले आणि तसे स्पष्ट नोंदवले. चार तासांनी गुणोत्तरात काही फरक नव्हता. दोन दिवस प्रखर उजेडात ठेवल्यावर ते वाढलेले दिसले. यात विसंगती नाही. संदेश तासांत घटतो, पण पटलात बसलेले प्रथिन लगेच नाहीसे होत नाही. ते हळूहळू मोडते आणि पेशी विभागत जातील तसे वाटले जाऊन विरळ होते. शिवाय एनएबी-१ सारखी प्रथिने संदेश शिल्लक असतानाही त्याचे भाषांतर अडवू शकतात. संदेशाच्या आकड्यावरून अँटेनाच्या आकाराबद्दल विधान करू नये, ते स्वतंत्रपणे मोजावे, असे मी तिला सांगितले.

हा आग्रह कशासाठी, असे एका सहकाऱ्यांनी विचारले होते. उघड्या टाकीत शैवाल वाढवायचे, तर वरच्या थरातील पेशींना झेपेल त्याहून कितीतरी जास्त प्रकाश मिळतो आणि खालच्या थरात अंधार राहतो. कॅलिफोर्नियातील अनास्तासिओस मेलिस यांनी अँटेना लहान असलेल्या वाणांचा मार्ग यासाठीच मांडला: वरच्या पेशींनी कमी प्रकाश पकडला, तर उरलेला खाली पोहोचतो. आमच्या इथले ऊन पाहता हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकी नाही. नऊ भावंडांपैकी कोणाला हात लावायचा हे ठरवायचे असेल, तर कोणते कधी किती बोलते याची नोंद खरी असली पाहिजे.

प्रबंधात फेब्रुवारी आणि एप्रिलच्या फेऱ्या वगळलेल्या नाहीत. वेळेच्या दोषासह त्या परिशिष्टात दिल्या आहेत. जुन्या प्रायमरच्या स्तंभाचे नाव बदलून ‘एलएचसीबीएम, पहिला प्रकार, एकत्रित’ असे केले आहे. विद्यार्थिनीच्या वहीत आता तारखेनंतरचा पहिला रकाना ‘दिवा लागल्यापासून तास’ असा आहे. एप्रिलच्या पानावर, जिथे तिने निळ्या शाईत ‘नमुना, सकाळी ११’ असे लिहिले होते, तिथे शेजारी लाल पेनाने लिहिले आहे: ‘पेशींची सकाळ नुकतीच झालेली.’